डोळ्यात थेट चित्र पाडणारे चष्मे: बिघाड वाटतो पण बिघाड नसतो, या चुका टाळा

रेटिनल डिस्प्लेवाला चष्मा हातात आला की बरेच जण पहिल्यांदा तो वीतभर लांब धरून आत डोकावतात आणि मग म्हणतात पीस डेड आहे, काहीच दिसत नाही. अहो दिसणारच नाही, कारण यात स्क्रीनच नसते! आत बारीक लेझर असतो, त्याच्यापुढे सतत हलणारा इवलासा मेम्स आरसा (चिपसारखा बनवलेला सूक्ष्म आरसा) असतो, तो आरसा किरण भराभर फिरवून चित्र ठिपक्या-ठिपक्याने थेट तुमच्या रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर काढतो. आणि ते सगळे किरण तुमच्या बाहुलीतल्या एका बारीक बिंदूतून आत जातात, म्हणजे चावीच्या भोकातून खोली बघण्यासारखं आहे, डोळा भोकाला लावला तरच खोली दिसते. याच कारणाने मोबाईलने फोटो काढून सपोर्टला पाठवून काही सिद्ध होत नाही, कॅमेऱ्याची लेन्स बरोबर त्या बिंदूवर आली तरच फोटोत चित्र येतं, नाहीतर चांगल्या पीसचा फोटोही काळाच येणार.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. माझं ठाम मत आहे, आधी फ्रेम नीट बसवा आणि मगच सेटिंगला हात लावा. लोक बरोबर उलटं करतात, रीसेट मारतात, अपडेट टाकतात, अ‍ॅप काढून परत टाकतात आणि चष्मा मात्र नाकावर दोन मिलिमीटर खाली घसरलेला तसाच!

चित्राचा कोपरा गायब होतो

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. कोपऱ्यातलं घड्याळ वाचायला नजर तिकडे वळवली की घड्याळच गायब, किंवा अख्खं चित्रच विझतं. डोळा फिरतो तो आतल्या केंद्राभोवती, आणि बाहुली त्या केंद्रापासून साधारण १० मिलिमीटर पुढे असते, त्यामुळे नजर १० अंश वळवली तरी बाहुली जवळपास पावणेदोन मिलिमीटर सरकते. उजेडात बाहुलीची रुंदीच २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे किरणांचा बिंदू बाहुलीच्या बाहेर जायला किती वेळ लागणार? मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास रंगांच्या प्रयोगात ही प्रकाश आत सोडायची पद्धत वापरली होती, म्हणून याला मॅक्सवेलियन व्ह्यू म्हणतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ह्युमन इंटरफेस टेक्नॉलॉजी लॅबमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्च्युअल रेटिनल डिस्प्लेवर, म्हणजे याच तंत्रावर काम सुरू झालं, आणि या सगळ्या प्रकारातली मुख्य डोकेदुखी आजही हीच, डोळा जिथे असला तर चित्र दिसतं ती जागा फार छोटी. तिला आयबॉक्स म्हणतात. नॉर्थ कंपनीने फोकल्स नावाचे असे चष्मे विकायला काढले तेव्हा सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचं माप घेऊन मगच फ्रेम बनवायचे, ते उगाच नाही.

तर करायचं काय? चष्मा घालून समोर सरळ बघा, डोकं स्थिर ठेवा, आणि फ्रेम बोटाने अगदी हळू वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवा. कुठल्याशा एका जागी चारही कोपरे एकदम दिसतील, ती जागा पकडा आणि नोजपॅड त्याप्रमाणे वाकवा किंवा दुसऱ्या साइजचे लावा. काड्या कानामागे सैल असतील तर तुम्ही सकाळी केलेलं सगळं सेटिंग घाम आला की दुपारी वाया, तेव्हा काड्याही घट्ट करून घ्या. आणि कोपऱ्यात बघायची सवय मोडा, महत्त्वाची गोष्ट अ‍ॅपमधून मधोमध आणता येत असेल तर आणा.

उन्हात दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवणं

इथे बहुतेक सगळे फसतात. ऊन जोरात असेल तर चित्र फिकट पडतं हे खरंच, पण चित्र फिकट न होता *तुटत* असेल, येत-जात असेल, तर कारण वेगळं आहे. उन्हात बाहुली आकसून २ मिलिमीटरवर येते आणि बिंदू निसटतो. ब्राइटनेस फुल केला तरी फरक पडत नाही, बॅटरी मात्र संपते. फ्रेम अ‍ॅडजस्ट करा किंवा टिंटवाली लेन्स लावा, बाहेरचा उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि चित्रही परत जागेवर येतं.

अंधारात याच्या उलट. बाहुली कितीही मोठी झाली तरी लेझरचा सगळा प्रकाश आधीच आत जात असतो, त्यामुळे तो वाढत नाही, पण आजूबाजूला काळोख असल्याने चित्र डोळ्यावर येतं. रात्री ब्राइटनेस हाताने खाली आणा, ऑटोवर पूर्ण भरवसा ठेवू नका. काही मॉडेलमध्ये आयबॉक्स वाढवायला एकाच चित्राचे अनेक बिंदू केलेले असतात, तिथे बाहुली मोठी झाली की दोन बिंदू एकदम आत शिरतात आणि अक्षरं डबल दिसू शकतात. खोलीतला दिवा लावून बघा, डबल जात असेल तर पीसमध्ये दोष नाही.

नंबरचा चष्मा लागणार नाही हा गैरसमज

किरण बारीक असल्यामुळे डोळ्याचा फोकस कुठेही असला तरी चित्र बऱ्यापैकी शार्प दिसतं, ही या तंत्राची खरोखर सुंदर गोष्ट. जपानच्या क्यूडी लेझर कंपनीच्या रेटिसा या अशाच चष्म्याला २०२० मध्ये तिथे अनियमित अ‍ॅस्टिग्मॅटिझमसाठी (बुबुळाचा आकार वेडावाकडा असल्याने धूसर दिसणं) वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. पण शार्प दिसतं ते फक्त प्रोजेक्ट केलेलं चित्र, समोरचा रस्ता तुमच्या नंबरप्रमाणे धूसरच राहणार, त्यामुळे नंबरची लेन्स हवीच. रेटिनाच खराब असेल तर मात्र त्या खराब भागात किरणाचा उपयोग नाही, कारण चित्र पडणार त्याच पडद्यावर. आणि हो, ओएलईडी स्क्रीन आणि आरसा लावलेले जे चष्मे मिळतात ते या प्रकारात बसत नाहीत, तिथे धूसर दिसलं तर नंबरच तपासायचा, इथले उपाय तिथे लावू नका.

काळे ठिपके, केसासारख्या रेघा

चित्रात तरंगणारे ठिपके दिसले की लोक काच पुसत बसतात. बारीक किरणात डोळ्यातल्या फ्लोटर्सची (डोळ्याच्या आत तरंगणारे बारीक कण), पापणीच्या केसांची, अगदी धुळीच्या कणाचीही सावली ठळक पडते. चष्मा काढून पांढऱ्या भिंतीकडे बघा, ठिपके तिथेही तरंगत असतील तर ते तुमच्या डोळ्यातलेच. काच पुसायचीच असेल तर कोरडं मायक्रोफायबर वापरा, स्पिरिट नको, किरण डोळ्याकडे वळवणाऱ्या आतल्या होलोग्राफिक थराची वाट लागू शकते. फ्रेम उघडून आरसा पुसायच्या फंदात तर बिलकुल पडू नका. लेझर क्लास १ म्हणजे सुरक्षित मानला जातो तो बंद केसमध्ये, आरसा अडकला तर किरण तोडणाऱ्या यंत्रणेसकट, आणि केस उघडली की ती हमी संपली.

फ्लोटर्स अचानक खूप वाढले, सोबत वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर चष्म्याचं सपोर्ट वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, रेटिना फाटल्याची किंवा सुटल्याची ती लक्षणं असू शकतात.