मांडवीत वल्हवताना: विद्यापीठ संघांसाठी नियम आणि खबरदारी

खनिजाचे बार्ज, चोडण-दिवाडीच्या फेरीबोटी, पणजीसमोर नांगरलेल्या कॅसिनोंकडे ये-जा करणाऱ्या बोटी आणि पहाटे जाळी ओढणारे मच्छीमार यांचा गोव्यातल्या मांडवी नदीवर आपल्याआधीचा हक्क आहे. वल्हेकरी तर पाठमोरा बसूनच पुढे जातो, त्यामुळे समोरचे त्याला दिसत नाही. म्हणून नवा संघ पाण्यात उतरवण्यापूर्वी सरावाचा मार्ग आणि वेळ बंदर कप्तान खात्याला कळवून लागेल ती परवानगी घ्यावी.

सरावाची वेळ भरती-ओहोटीवरून ठरवावी, वर्गांच्या वेळापत्रकावरून नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याच्या पातळीत सुमारे २ मीटरचा फरक पडतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो बराच कमी असतो. कोष्टकातल्या वेळा मुरगावच्या असल्या तर नदीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा फिरते हे ध्यानात ठेवावे. जाताना प्रवाहाविरुद्ध वल्हवावे, म्हणजे दमलेल्या संघाला परतताना पाण्याचीच साथ मिळते. मात्र ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढत असताना पश्चिमेकडून खारा वारा सुटला की दोन्ही एकमेकांवर आदळून आखूड, उभ्या लाटा उठतात आणि पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असलेल्या शर्यतीच्या नौकेत पाणी भरू लागते. हा वारा सहसा सकाळ उलटल्यावर जोर धरतो, तेव्हा उजाडल्यापासून दोन-अडीच तासांत सराव आटोपावा. दुपारचा सराव मला कोणत्याच हंगामात शहाणपणाचा वाटत नाही, आणि पावसाळ्यात पुराबरोबर ओंडके वाहून येत असताना तर व्यायामशाळेतले रोइंग यंत्रच बरे.

नदीत नेहमी नौकेच्या जाण्याच्या दिशेकडे तोंड केल्यावर उजवीकडे येणाऱ्या काठाजवळून जावे. कॉक्स, म्हणजे दिशा सांभाळून संघाला हुकूम देणारा, नसलेल्या नौकेत पुढच्या टोकाला बसलेल्याने दर पाच-सहा वल्ह्यांनंतर मान वळवून पाहिलेच पाहिजे, लय बिघडली तरी चालेल. काठालगत जातानाही दोन गोष्टी सांभाळाव्यात: मच्छीमारांचे खुंटे, जे भरतीत पाण्याखाली जातात, आणि खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावरची मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप), जिच्यातून ओहोटीच्या वेळी शेताकडचे पाणी जोराने बाहेर पडून नौकेला आडवे ढकलते.

फेरीबोटीच्या बाबतीत अंदाज बांधू नये. ती धक्क्यावर उभी दिसली तरी तिचा पुढचा फळा वर उचलला जाऊन इंजिनाचा आवाज बदलला की ती निघालीच असे समजावे, दूरच थांबावे आणि ती पलीकडे गेल्यावर तिच्या मागून जावे. भरलेल्या बार्जला खोल पाण्याचा पट्टा सोडता येत नाही आणि चटकन थांबताही येत नाही, म्हणून बाजूला होणे हे वल्हेकऱ्यांचेच काम. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले तर समोरच्याला आपला बेत कळलेला नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी वल्ही थांबवून मोकळ्या पाण्याकडे वळावे. नांगरलेले जहाज किंवा पुलाचा खांब यांच्या वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून प्रवाह येतो त्या बाजूने, जवळून जाऊ नये, कारण पाणी नौकेला त्यावर दाबून धरते. पणजीचे पूल एकापाठोपाठ एक असल्यामुळे कोणत्या गाळ्यांतून जायचे ते पहिल्या पुलाच्या बरेच आधी ठरवावे.

मोठ्या बोटीची लाट येताना दिसली की वल्हवणे थांबवावे, लांब नौका लाटेला समांतर वळवावी आणि वल्ह्यांची पाती पाण्यावर सपाट टेकवून ठेवावीत.

निघण्यापूर्वी नौकेच्या टोकावरचा रबरी गोळा घट्ट आहे ना आणि बुटांच्या टाचांच्या दोऱ्या शाबूत आहेत ना, हे प्रत्येकाने हाताने ओढून पाहावे. नौका उलटल्यावर पाय सुटणे त्या दोऱ्यांवर अवलंबून असते. अंधुक उजेडात पांढऱ्या प्रकाशाची विजेरी हाताशी असावी. ज्याला पोहता येत नाही त्याला नौकेत घेऊच नये, आणि प्रशिक्षकाच्या मोटारबोटीत सर्वांना पुरतील इतकी जीवरक्षक जॅकेटे असावीत. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिकडे सराव नेऊ नये.

नौका उलटलीच तर काठ कितीही जवळ दिसला तरी ती सोडून पोहत जाऊ नये. उलटी नौकाही तरंगते, आणि बार्जवरच्या माणसाला पाण्यातल्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. कॉक्सने मोठ्याने माणसे मोजावीत, सर्वांनी नौकेला धरून राहावे, आणि मोटारबोट पोहोचत नसेल तर काठावरच्या माणसाने ताबडतोब ११२ वर कळवून सर्वांत जवळच्या फेरीधक्क्याचे नाव सांगावे.