सोलापूरच्या सपाटीवरून डोंगरातली ट्रेल रेस

आपलं सोलापूर म्हणजे सगळं सपाट, सिद्धेश्वर तलावाला कितीबी फेऱ्या मारा चढ काय मिळत नाही, आणि सिंहगड-राजगड-तोरणा या किल्ल्यांवरची ट्रेल रेस, म्हणजे डोंगरवाटांवरची शर्यत, पळायची म्हटलं (तोरणा 1403 मीटर ओ!) तर सरावाला रविवारी पहाटे गाडी काढून 45 किमीवरचा तुळजापूर घाट गाठायचा. तिथं रस्त्याच्या कडेकडेनं, सिंगल लाईननं पळायचं, दर्शन पण होतं.

चढ आला की चाला, लाज कसली. हात मांडीवर दाबून बारकी पावलं टाकायची. खरी वाट लागते ती उतारावर, मोठी ढांग टाकली की गुडघे बोंबलतात, नि बूट घट्ट बांधला नसला तर अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं, माझं पडलंय दोनदा.

ग्रुपमध्ये सगळ्यात हळू पळणाऱ्याला पुढं ठेवा, आमच्यात दाजी पुढं असतात. पाणी दीड-दोन लिटर पाठीवर, त्यात ओआरएस. घरचे शेवटच्या पॉइंटला थांबणार असतील तर त्यांच्याकडं कोरडे मोजे आणि कडक भाकरी-शेंगाचटणी द्या, पण चटणी पळून झाल्यावरच खायची, मधी खाल्ली की छातीत जळजळ.