अॅक्सिलरेटरची आरएफ यंत्रणा हाताळताना या चुका टाळा

गेल्या वीसेक वर्षांत अॅक्सिलरेटरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) आरएफमध्ये, म्हणजे कणांना ऊर्जा देणाऱ्या रेडिओ लहरींच्या यंत्रणेत, बरंच बदललं. बऱ्याच ठिकाणी क्लिस्ट्रॉन (पॉवर देणाऱ्या मोठ्या व्हॅक्यूम नळ्या) जाऊन सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचे, अॅम्प्लिफायर आले, फीडबॅक डिजिटल झाला, नायोबियमच्या कॅव्हिटींना (ज्या पोकळ डब्यांत कणांना वेग मिळतो) नायट्रोजन डोपिंग, म्हणजे पृष्ठभागात मुरवलेला थोडा नायट्रोजन, मिळालं. चुका मात्र जुन्याच, आणि त्यातल्या बहुतेक घाईच्या.

कंडिशनिंग, म्हणजे नव्या भागाला हळूहळू पॉवरची सवय लावणं, उरकणं. ही चूक माझ्या डोक्यातच जाते. नव्या कपलरला (कॅव्हिटीत पॉवर नेणाऱ्या भागाला) पॉवर द्यायची ती कमी पातळीपासून, आखूड पल्सने. व्हॅक्यूम बिघडला की थांबायचं, पंपाला वेळ द्यायचा, मग पुढे. वाटेत मल्टिपॅक्टिंग लागतंच. पृष्ठभागावरून सुटलेले इलेक्ट्रॉन आरएफच्या तालात आपटत राहतात, दर आपटीला आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. अशा पातळीवर रेंगाळावं लागतं. रेटून बहुधा नुकसानच होतं.

एका प्रयोगशाळेत रात्रपाळीच्या पोरांना सारखी व्हॅक्यूम ट्रिप येत होती, म्हणजे व्हॅक्यूम बिघडून पॉवर आपोआप बंद पडत होती. वैतागून त्यांनी इंटरलॉकची (पॉवर बंद करणाऱ्या सुरक्षा-कुलुपाची) मर्यादा दहापट वर नेली. ठिणगी ओळखणारा आर्क डिटेक्टर ‘उगाच बोंबलतो’ म्हणून तोही बायपास. ट्रेंडवर पॉवरची रेघ काय सुरेख चढलेली! सकाळी मी पोचलो तेव्हा रिफ्लेक्टेड (परत फिरणारी) पॉवर उसळलेली आणि व्हॅक्यूम गेजचा आकडा खाली यायला तयार नाही. कपलर उतरवला, तर सिरॅमिक विंडोवर (पॉवर आत सोडून व्हॅक्यूम राखणाऱ्या चकतीवर) धातूचा काळपट थर आणि कडेला केसाएवढी भेग. रात्रीत वाचवलेले तास नव्या विंडोची वाट बघण्यात कित्येक पटींनी गेले. तेव्हापासून मर्यादा आधी ठरते, वहीत लिहिली जाते आणि ती बदलायचा पासवर्ड रात्रपाळीला मिळत नाही. कुरकुर होते, होऊ दे.

बीम (कणांचा झोत) सरकला की एलएलआरएफचे (आरएफची फेज आणि पातळी सांभाळणाऱ्या फीडबॅक नियंत्रणाचे) गेन चाळवणं. नवख्यांचा आवडता उद्योग. १.३ गिगाहर्ट्झला एक अंश फेज म्हणजे जेमतेम २.१ पिकोसेकंद. लांब केबल दुपारी थोडी तापली तरी एवढा फरक पडू शकतो. आणि फीडबॅकला दिसतं ते फक्त पिकअप केबलच्या (कॅव्हिटीतून सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) टोकाशी आलेलं. केबलची फेज सरकली, तर तो इमानेइतबारे कॅव्हिटीलाच चुकीच्या फेजवर नेऊन बसवतो. स्क्रीनवर सगळं आलबेल, बीमची ऊर्जा मात्र ढळलेली. म्हणून मी आधी बीमची ऊर्जा आणि हॉलचं तापमान शेजारी-शेजारी लावून बघतो. मग कनेक्टर उघडून पुसतो, टॉर्क पान्याने कसतो, केबल हलवून फेजकडे नजर ठेवतो. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. तांब्याचं स्ट्रक्चर असेल तर थंड करणाऱ्या पाण्याकडेही बघा: ३ गिगाहर्ट्झला पाणी १ अंश सेल्सिअसने बदललं की अनुनाद सुमारे ५० किलोहर्ट्झने सरकतो.

डायरेक्शनल कपलरच्या (लाइनमधली पॉवर मोजायच्या भागाच्या) जुन्या कॅलिब्रेशनवर भरवसा. ०.२ डीबी चुकलं की पॉवर जवळपास ५ टक्क्यांनी चुकली.

‘सॉलिड-स्टेट आहे, काही होत नाही.’ एक मॉड्यूल गेलं तरी बाकीची चालतात, हे खरं. म्हणूनच मेलेली मॉड्यूल तशीच साठत जातात. आणि पूर्ण रिफ्लेक्शनमध्ये लाइनवर व्होल्टेज दुप्पट होतं, तेव्हा पैसे वाचवायला सर्क्युलेटर (परत येणारी पॉवर दुसरीकडे वळवणारा भाग) वगळू नका.

डोपिंगची कृती उचलणं, चुंबकीय शिस्त विसरणं. डोप केलेल्या कॅव्हिटीचा क्यू (तो जितका उंच, तितकी कमी ऊर्जा वाया) उंच जातो, पण अडकलेल्या चुंबकीय फ्लक्सचा फटकाही तिला जास्त बसतो. शिल्डिंगच्या आत एखादा चुंबकलेला बोल्ट राहिला, तर केलेल्या मेहनतीचा बराच भाग वाया. २ केल्व्हिनला वाढलेल्या एकेका वॉट उष्णतेसाठी बाहेर शीतयंत्रणेला शेकडो वॉट मोजावे लागतात. ९.२ केल्व्हिन (ज्याच्या खाली नायोबियम सुपरकंडक्टर होतं) ओलांडताना कॅव्हिटी सावकाश, सगळीकडून सारखी थंड केली की फ्लक्स आतच अडकतो. वेगाने थंड केली, दोन टोकांत तापमानाचा फरक ठेवला, की तो बाहेर ढकलला जातो. अमेरिकेतल्या एलसीएलएस-२ या अॅक्सिलरेटरच्या क्रायोमॉड्यूलमध्ये (कॅव्हिटी थंड ठेवणाऱ्या टाक्यांमध्ये) त्यासाठी हेलियमचा प्रवाह मुद्दाम जोरात सोडतात. घाईची हौस असलेल्यांनी ती इथे भागवून घ्यावी.