कंबरेच्या गोळीची पट्टी उलटी करून वाचा

नवरात्रात गरबा खेळून कंबर धरली, की बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत जो तो मेडिकलमधून ‘दुखण्याची गोळी’ आणतो. तिची पट्टी उलटून पाहा. अनेकदा एका गोळीत तीन औषधं असतात: दुखणं-सूज कमी करणारं एसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि स्नायू सैल करणारं क्लोरझोक्साझोन २५० मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो पॅरासिटामॉलचा. सर्दी-तापाच्या गोळीतही तेच असतं. दोन्ही घेतल्या तर डोस नकळत वाढतो आणि ताण यकृतावर येतो. गुजरातेत दारूबंदी आहे खरी, तरी सांगून ठेवते: या गोळीवर दारू अजिबात नको.

उपवासाच्या पोटी ही गोळी घेऊ नका, एसिक्लोफिनॅक पोटाला झोंबतं. क्लोरझोक्साझोनने झोप येते, म्हणून गोळी घेऊन स्कूटर काढू नका. लघवी नारिंगी झाली तर ते क्लोरझोक्साझोनमुळे असू शकतं. पण डोळे पिवळे दिसले किंवा शौचाला काळी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. अल्सर, किडनी किंवा हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शेजारच्या काकूंची उरलेली पट्टी काकूंकडेच राहू द्या.