बिलिंग बंद न करता मॉड्यूल कसं बसवावं आणि काढावं

म्हापशात शुक्रवारचा बाजार भरलेला असताना काउंटरवरचं बिलिंग बंद करून पुन्हा सुरू करणं कुठल्याच दुकानदाराला परवडत नाही. म्हणून चवथीची (गणेश चतुर्थीची) सवलत चालत्या प्रोग्रॅममध्येच लावता आणि काढता यायला हवी. त्यासाठी तिचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र फाइलमध्ये, ठेवा. उदाहरण पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं घेऊ.

आधी काढायचं कसं ते ठरवा, मग बसवायचं. मॉड्यूलमध्ये दोन फंक्शनं हवीतच: बसवा() आणि काढा(). पायथॉन ३ मध्ये ही नावं खुशाल देवनागरीत लिहा, चालतात. बसवताना जे जे जोडलं त्याची यादी ठेवा आणि काढताना ती उलट्या क्रमाने सोडवा. फंक्शनबाहेरच्या ओळींत काहीही जोडू नका, कारण त्या इम्पोर्ट होताक्षणी, म्हणजे मॉड्यूल प्रोग्रॅममध्ये घेतल्याबरोबर, चालतात.

लोड करणं सोपं आहे. पायथॉनसोबत येणाऱ्या इम्पोर्टलिबमधलं इम्पोर्ट_मॉड्यूल वापरा, मग बसवा() चालवा.

खरी कसोटी काढताना लागते. समजा, १० टक्के सवलतीचं फंक्शन बिलाच्या बेरजेला जोडलंय. ते न सोडवता सुधारलेलं मॉड्यूल पुन्हा बसवलं, तर जुनं आणि नवं दोन्ही चालतात आणि १,००० रुपयांचं बिल ९०० ऐवजी ८१० वर येतं. एरर कुठेच दिसत नाही. रात्री गल्ला जुळत नाही तेव्हा कळतं. शिवाय अर्धवट झालेलं बिल जुन्या नियमानेच पुरं होऊ द्या, मगच काढायला घ्या.

मॉड्यूलने थ्रेड (त्याच प्रोग्रॅममध्ये बाजूला चालणारं काम) सुरू केला असेल, तर तो बाहेरून मारायची सोय पायथॉनमध्ये नाही. इव्हेंट (थ्रेड अधूनमधून तपासतो ती खूण) सेट करून त्याला थांबायला सांगा आणि जॉइन करून तो संपेपर्यंत वाट पाहा. टायमर, उघड्या फाइली, डेटाबेसची कनेक्शन्स हीदेखील बंद करा.

आता सिस.मॉड्यूल्समधली, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांच्या यादीतली, नोंद काढा. पण तेवढ्याने मेमरी सुटेलच असं नाही. दुसऱ्या फाइलने ‘फ्रॉम–इम्पोर्ट’ करून सवलतीचं फंक्शन घेतलं असेल, तर ते तिथे जिवंतच राहतं. मॉड्यूल रीलोड (पुन्हा लोड) केलं तरी तिथलं बदलत नाही. म्हणून काढण्याआधी त्या फंक्शनला वीकरेफ (त्याला जिवंत न ठेवता त्याच्यावर नजर ठेवणारा संदर्भ) लावून ठेवा, काढल्यावर नको असलेली मेमरी साफ करणारं जीसी.कलेक्ट() चालवा. वीकरेफने ‘नन’ (काहीच नाही) दिलं तर फंक्शन सुटलं. नाहीतर कोण धरून बसलंय ते जीसी.गेट_रेफरर्स दाखवतं.

सी भाषेत लिहिलेली एक्स्टेन्शन मॉड्यूलं मात्र अशी निघत नाहीत. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा आणि काम झालं की ती प्रोसेसच बंद करा.