शेततळ्यात हवा दुपारी नव्हे, पहाटे लागते

सोलापूरकडे उन्हाला तोटा नाही, म्हणून शेततळ्यातल्या माशांसाठी सोलर पॅनेलवर एअर पंप बसवणारे बरेच. बहुतेक जण तो पॅनेलला थेट जोडतात, म्हणजे तो फक्त ऊन असताना चालतो, आणि इथेच फसतात. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच तो ओढून घेतं. खरी टंचाई पहाटे 3 ते 6. रोहू-कटला पाण्यावर तोंड काढून आ वासताना दिसले की समजावं, उशीर झालाय.

म्हणून बॅटरी हवीच. 60 वॅटचा पंप पहाटे 2 ते 6 चालवला तर 240 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी निम्मी उरते. 150 वॅटचं पॅनेल तेवढी सहज भरून काढतं. टायमर मात्र विसरू नका, 2 वाजता उठणार कोण?

हवेचा दगड (नळीच्या टोकाला लावलेला, बारीक बुडबुडे सोडणारा) तळापासून फूटभर वर टांगा, नाहीतर गाळ ढवळतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं येत नाही.

जुन्या, साचलेल्या तळ्यात पहिल्या दिवशी तासभरच चालवा, मग रोज थोडं वाढवा. तळाचं कुजकं पाणी एकदम वर आलं तर मासे मरतात. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, आणि मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला एकदा सकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसा.