कारागिराचं मृत्युपत्र: अवजारंही नावानिशी लिहा

मी दारव्ह्याकडचा सुतार. मृत्युपत्र लिहायला बसलं की आधी घर अन् वावर सुचतं. पण वाकस, रंधे, पटाश्या, सागाच्या फळ्या हेही लिहा. अठराव्या शतकात इंग्लंडातले कारागीर आपली अवजारं मृत्युपत्रात लिहून ठेवत; मला ते फार पटतं. "अवजारं पोरांना" असं मोघम नको. मी लिहिलं: "आजोबांचा बाभळीच्या दांड्याचा वाकस अन् मोठा रंधा पुतण्याला, कारण हे काम तोच करतो."

वावर वडिलोपार्जित असेल तर फक्त आपलाच हिस्सा देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं त्यात लेकीलाही लेकाइतकाच हक्क दिला आहे. तो डावलून लिहाल तर घरात भांडण लागेल. सातबाऱ्यावरचा गट नंबर जसाच्या तसा उतरवा.

साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करा, मग त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. वाटा मिळणारा माणूस साक्षीदार नको. साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या, पुढं कोर्टात तेच बोलतील. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. मन बदललं तर नवं लिहा, अन् जुनं रद्द केल्याचं त्यात स्पष्ट नोंदवा.